१०० वॉट पॅनल, २० एएच बॅटरी: दिवाळीपासून मेपर्यंत वापरल्यावर

कॅम्पिंगचा सोलर संच असा: १०० वॉटचं घडीचं मोनो पॅनल, १२.८ व्होल्ट २० एएचची (अँपिअर-अवर) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, १० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा). इन्व्हर्टर मुद्दाम घेतलेला नाही. पवना किंवा भंडारदऱ्याला गाडीजवळ तंबू टाकणाऱ्या चौघांना एवढं पुरतं.

आधी रात्रीचा हिशेब करा, पॅनल नंतर ठरवा. चार मोबाईल मिळून ८० वॉट-अवर, ५ वॉटचे दोन दिवे पाच तास म्हणजे ५०, १२ व्होल्टचा छोटा पंखा रात्रभर ६५. झाले १९५. बॅटरीत २५६ (१२.८ × २०) आहेत. एवढ्याच क्षमतेची लेड-ॲसिड सहा-सात किलोंची, आणि टिकवायची तर निम्मीच वापरायची. इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी ६ ते १० वॉट खातो, म्हणजे एका पंख्याइतकं रात्रभर वाया. मोबाईल, कॅमेरा, लॅपटॉप हे सगळं पीडी सॉकेटवर (जलद चार्जिंगचं यूएसबी-सी) चालतं.

पॅनलवर १०० लिहिलेलं असलं तरी थंडीतल्या दुपारी, दक्षिणेला तोंड आणि ३५ अंशांचा कल देऊन ७५-८० मिळतात. मेमध्ये पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.४ टक्क्याच्या आसपास घट होते. तापलेल्या कातळावर ते सपाट पसरू नका, मागून वारा खेळला पाहिजे. फांदीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं, कारण सेल एकामागे एक जोडलेले असतात.

सोबत आलेली बारीक वायर बदलाच. १.५ चौरस मिमीच्या पाच मीटर वायरीत जाऊन-येऊन पाऊण व्होल्ट जातो. ४ चौरस मिमीच्या वायरीत पाव व्होल्टाच्या आसपास. बॅटरीच्या प्लसला लागूनच २० अँपिअरचा फ्यूज हवा.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे. बॅटरी पार उतरली की आतलं बीएमएस (बॅटरीचं संरक्षण करणारं सर्किट) तिला तोडतं. मग टोकांवर जवळजवळ शून्य व्होल्ट दिसतात, कंट्रोलरला बॅटरी सापडत नाही आणि भर उन्हातही चार्जिंग सुरू होत नाही. कंट्रोलर बिघडला असं वाटून लोक तो परत पाठवतात. खरा इलाज म्हणजे कंट्रोलरचा लोड कट-ऑफ (बॅटरी इतकी उतरली की जोडलेली उपकरणं बंद करणारी मर्यादा) १२ व्होल्टवर ठेवणं आणि दिवे, पंखा, सॉकेट सगळं त्याच्या लोड टर्मिनलवरूनच घेणं (टर्मिनलचं रेटिंग पाहून). बॅटरीला थेट जोडलेलं सॉकेट या सेटिंगला जुमानत नाही. चार्जिंग १४.२ ते १४.४ व्होल्टवर ठेवा. लेड-ॲसिडचा इक्वलायझेशन मोड (मुद्दाम जास्त व्होल्टेज देणारा) बंदच हवा. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल.

जून ते सप्टेंबर सह्याद्रीत पॅनल नेण्यात अर्थ नाही. घरून भरलेली बॅटरीच न्या, आणि महिनोन् महिने वापर नसेल तर ती अर्धी भरून, वायरी काढून ठेवा.