‘करतो’ की ‘करून राहिलो’: इंग्रजीतील सिंपल आणि कंटिन्युअस काळांची निवड

नागपुरात ‘काय करून राहिला?’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळा कानावर पडतो आणि मराठीच्या तासाला हीच रचना लाल शाईने खोडली जाते. निबंधाच्या वहीत ती खोडणे एक वेळ योग्य असेल. पण इंग्रजीत ‘आय वर्क’ म्हणावे की ‘आय अ‍ॅम वर्किंग’, या प्रश्नापाशी अडलेल्या माणसाला तिच्याइतका जवळचा आधार दुसरा नाही. प्रमाण मराठीत फोनवर ‘काय करतेस?’ असे विचारले आणि ‘शिवणकाम करते’ असे उत्तर आले, तर समोरची बाई आत्ता मशीनवर बसली आहे की तिचा तो व्यवसाय आहे, हे निव्वळ क्रियापदावरून कळत नाही. नागपूरकर मात्र या दोन अर्थांसाठी दोन रूपे सहज वापरतो: जे नेहमीचे ते ‘करतो’ आणि जे सध्या चालू आहे ते ‘करून राहिलो’. इंग्रजीची मूळ विभागणीही बरीचशी अशीच आहे: नेहमीच्यासाठी सिंपल रूप, ‘आय वर्क’, आणि चालू असलेल्यासाठी कंटिन्युअस, ‘आय अ‍ॅम वर्किंग’.

मुलाखतीच्या सरावाला बसलेल्या एका तरुणाने स्वतःची ओळख करून देताना ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन महाल’ असे सांगितले, तेव्हा समोरच्याने अगदी सहज विचारले, की मग पुढे कुठे राहायला जाणार? तरुण गोंधळला, कारण त्याच्या तीन पिढ्या नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतच गेल्या होत्या. कंटिन्युअस रूपाने त्याच्या घराला नकळत तात्पुरतेपणा आणला होता. त्याला म्हणायचे होते ‘आय लिव्ह इन महाल’. याउलट हिवाळी अधिवेशनासाठी रविभवनात उतरलेल्या मंत्र्याने ‘आय अ‍ॅम स्टेइंग अ‍ॅट रविभवन’ म्हणणेच योग्य, कारण अधिवेशन संपले की त्याचा मुक्काम हलतो. माणसाच्या वागण्यालाही हाच नियम लागू पडतो. ‘यू आर रूड’ हा स्वभावावरचा शेरा आहे, तर ‘यू आर बीइंग रूड’ ही त्या घटकेच्या वागण्याची तक्रार आहे आणि म्हणूनच ती थोडी सौम्य ठरते.

मात्र ही कसोटी सर्वत्र चालत नाही. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावरील क्रिकेट सामन्याचे इंग्रजी समालोचन ऐकल्यास डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टीही ‘ही बोल्स’, ‘ही ड्राइव्ज’ अशा सिंपल रूपात येतात, कारण एकेक कृती उच्चारेपर्यंत पूर्ण झालेली असते. कार्यालयीन पत्रातही जिथे शब्द उच्चारणे हीच कृती असते, तिथे ‘आय रिक्वेस्ट’, ‘आय अपॉलोजाइज’, ‘आय प्रॉमिस’ असेच लिहावे. ‘आय अ‍ॅम रिक्वेस्टिंग’ने विनंतीचे वजन कमी होते. विचारणा करताना मात्र ‘आय वंडर’पेक्षा ‘आय वॉज वंडरिंग’ अधिक अदबीचे वाटते.

खरी अडचण पुढे आहे आणि ती आपल्याच बोलीतून येते. ‘मला समजून नाही राहिलं’ हे नागपुरात पूर्णपणे स्वाभाविक वाक्य आहे. त्याचे सरळ इंग्रजी केले की ‘आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग’ तयार होते, जे प्रमाण इंग्रजीत खटकते. तिथे ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ हवे. अशा वेळी मराठी वाक्याचा कर्ता तपासावा, असे माझे मत आहे. वाक्य ‘मी’ने सुरू होत असेल तर ‘राहिलो’ची कसोटी वापरावी, ‘मला’ने सुरू होत असेल तर सिंपल रूपच निवडावे. मला हवे आहे, मला आवडते, मला आठवते, मला पटते, मला दोन भाऊ आहेत: या सर्वांची इंग्रजी क्रियापदे, म्हणजे वाँट, लाइक, रिमेंबर, अ‍ॅग्री आणि हॅव, या अर्थांनी सहसा आयएनजी घेत नाहीत. एकाच इंग्रजी क्रियापदाचे दोन अर्थही असेच वेगळे करता येतात. ‘मला वाटते’ म्हणजे ‘आय थिंक’, पण ‘मी विचार करून राहिलो’ म्हणजे ‘आय अ‍ॅम थिंकिंग’. ‘मला दिसते’ म्हणजे ‘आय सी’, पण ‘मी उद्या डॉक्टरांना भेटतो आहे’ म्हणजे ‘आय अ‍ॅम सीइंग द डॉक्टर टुमॉरो’. फोनचे नेटवर्क गेल्यावर ‘ऐकू येऊन नाही राहिलं’साठी ‘आय कान्ट हिअर यू’ हे सर्वांत नैसर्गिक. अपवाद शरीराच्या क्रियांचा: मला घाम येतो, मला शिंका येतात. मे महिन्यातल्या नागपुरात ‘आय अ‍ॅम स्वेटिंग’ म्हणायला कोणाचीच हरकत नसावी.

भूतकाळात ‘राहिलो’ पुन्हा उपयोगी पडते. ‘मी सायकलने शाळेत जात होतो’ या वाक्यात प्रमाण मराठी जुनी सवयही सांगते आणि वाटेतला क्षणही, त्यामुळे अनेक जण सवयीसाठीही ‘आय वॉज गोइंग’ लिहितात. सवय सांगायची तर ‘आय वेंट’ किंवा ‘आय यूज्ड टू गो’ हवे. ‘जाऊन राहिलो होतो’ असे मनात बसत असेल तरच ‘वॉज गोइंग’. ‘व्हेन द गेस्ट्स केम, आय मेड टी’ या वाक्यात पाहुणे आल्यावर आधण ठेवले जाते. ‘आय वॉज मेकिंग टी’ म्हटले की ते आधीच उकळत असते.

एका ठिकाणी बोली अर्धेच उत्तर देते. ‘मी पाच वर्षांपासून इथे काम करून राहिलो’ यावरून ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ हे वाक्य मुलाखतींत आणि बायोडेटात सर्रास दिसते. रूप चालू काळाचे असावे हा अंदाज बरोबर असतो, पण मागे सुरू होऊन आजवर आलेल्या कामासाठी इंग्रजीला ‘हॅव बीन वर्किंग’ लागते आणि कालावधी सांगताना ‘सिन्स’ऐवजी ‘फॉर फाइव्ह इयर्स’. ‘सिन्स’ फक्त सुरुवातीच्या क्षणासाठी, जसे ‘सिन्स 2019’. याच जोडीत सिंपलकडे झुकणारे ‘आय हॅव रेड द फाइल’ म्हणणाऱ्याचे काम संपलेले असते, तर ‘आय हॅव बीन रीडिंग द फाइल’ म्हणणाऱ्याच्या टेबलावर ती बहुधा अजून उघडी असते. साहेबांनी फाइल परत मागितली असेल, तर या दोन उत्तरांवर त्यांची प्रतिक्रिया एकसारखी असणार नाही.