तांब्याचं घंगाळ, आठ महिन्यांनंतर : तक्रार फक्त कडीची

मंगळवारी सकाळी साडेआठला खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी बेल वाजवली. हातात ताट, ताटात कुरडया. त्यातल्या चार-पाच भिजून लिबलिबीत झालेल्या आणि वर हिरवट थेंबांचे डाग. "तुमच्या गॅलरीतून काहीतरी गळतंय," एवढंच म्हणाल्या. बोलल्या असत्या तर परवडलं असतं. गळत होतं ते आमचं घंगाळ. हा अनुभव लिहायचा म्हणून मी दिवाळीपासून टाळत होते, कुरडयांनी मुहूर्त लावला.

घंगाळ म्हणजे आंघोळीचं पाणी काढायचं मोठं पसरट भांडं, जास्त सांगत बसत नाही. माझं १६ इंची, तांब्याचं, मठाराचं, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांचं काम केलेलं, दोन्ही बाजूंना पितळी कान आणि त्यात पितळी कड्या. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी पुण्याच्या तांबट आळीतून आणलं. वापर आंघोळीसाठी नाही, गॅलरीत शोभेला. पाणी भरायचं, फुलं सोडायची. हो, तेच ते, हॉटेलांच्या दारात असतं तसं. नाक मुरडणाऱ्यांनी मुरडून घ्या, आधी मीही मुरडलं होतं.

त्याआधी आमच्या गॅलरीत काय नव्हतं ते विचारा. तुळशीबागेतून आणलेले लाकडी पोपट, टायरची कुंडी, सोलरचे चार दिवे (पावसाळ्यात चारही गेले), आणि बुद्धाचा मुखवटा. बुद्ध शांतपणे डोळे मिटून बसलेला आणि त्याच्या कानापाशी एसीचं आउटडोअर युनिट घरघरतंय. प्रत्येक वस्तू दोनशे-तीनशेची, म्हणून घेताना काही वाटायचं नाही. एकदा बेरीज केली तर साडेपाच हजार निघाले. त्या दिवशी ठरवलं, आता एकच वस्तू, पण खरी.

खरी म्हणजे खरीच. पहिल्यांदा ऑनलाइन 'शुद्ध तांब्याची उरळी' (फुलं तरंगवायचं पसरट भांडं) मागवली होती, १,४९९ रुपयांत. फोटोत मोठी, प्रत्यक्षात भाजीच्या पातेल्याएवढी. फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघितलं तर टपकन चिकटलं. तांब्याला किंवा पितळेला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. परत केली. पैसे यायला १९ दिवस लागले आणि तेवढ्यात पाच वेळा फोन. ते पुराण इथे नको.

आता एक कबुली. १९९८ साली वाडा सोडून फ्लॅटमध्ये आलो तेव्हा आमच्याकडे तीन घंगाळं आणि पाणी तापवायचा एक बंब होता. ठेवायला जागा नाही म्हणून मीच सगळं मोडीत घातलं. त्या पैशांत मिक्सर आला आणि वर थोडे उरले. त्यामुळे नवं घंगाळ घरात आणलं तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत. चष्मा लावून आल्या, बोटाच्या पेरानं टकटक वाजवून पाहिलं आणि विचारलं, "कितीला?" मी आकडा सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला. आठ महिने झाले, अजून पुसतायत.

आकडा ६,७५०. किलोला १,२५० भाव, वजन ५ किलो ४०० ग्रॅम. इथूनच माझं कडीचं दुखणं सुरू होतं. दुकानदारानं घंगाळ कड्यांसकट काट्यावर ठेवलं आणि सगळ्याला तांब्याचा भाव लावला. कड्या पितळेच्या! त्याच दुकानात पितळ ९५० रुपये किलो होतं. मी तिथेच म्हटलं, तर "ताई, कड्या काढून कसं तोलणार, रिवेट मारलेत" असं उत्तर. बरोबर आहे त्याचं, पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही.

दुसरं दुखणं त्याच रात्री कळलं. गॅलरीला लागून आमची ड्राय बाल्कनी, मधली भिंत एकच, आणि तिथे वॉशिंग मशीन. मशीन स्पिनला लागलं की गॅलरीतली कडी थरथरायला लागते. आधी बारीक किणकिण, मग टणटणटणटण, जणू कुणी आरतीला ताम्हण बडवतंय. पहिल्या दिवशी मी दार उघडायला धावले होते. घंगाळ कडप्प्यावर, कडप्पा विटांवर. खाली पायपुसणं घातलं, थर्मोकोल घातला, सायकलच्या ट्यूबची पट्टी कान आणि कडीच्या मध्ये कोंबली. ट्यूब उन्हानं आठवड्यात निघून आली. मोडीत घातलेल्या घंगाळांच्या कड्या ओतीव आणि जाड होत्या, जिथल्या तिथे पडून राहायच्या. हिची कडी सळईची, वाकवून केलेली. पाचपैकी एक तारा मी हिच्यासाठी आत्ताच कापते.

शेवटी उपाय केला सासूबाईंनी. जुन्या इरकली साडीचा काठ फाडून दोन्ही कड्यांना घट्ट गुंडाळला आणि टाका घातला. आवाज बंद. आणि काळसर तांब्यावर तो लाल-पिवळा काठ इतका शोभून दिसायला लागला की येणारा प्रत्येक जण आधी त्याचंच विचारायचा. पंधरा रुपयांचीही वस्तू नाही. (हा काठ पुढे महागात पडला, ते येईलच.)

आता घासण्याचं. दुकानात लॅकर, म्हणजे चकाकी टिकवणारा पारदर्शक थर, मारून देतो म्हणाले होते, ३०० रुपये जास्त. मी नको म्हटलं, चिंच घरची आहे. सप्टेंबरमध्ये या काटकसरीबद्दल मी स्वतःला रोज शिव्या घातल्या. पाण्याच्या रेषेवर दोन दिवसांत काळी पट्टी, चार दिवसांत हिरवे ठिपके. चिंचेचा कोळ आणि मीठ, दर रविवारी २५ मिनिटं. घासल्यावर लगेच कोरडं पुसायचं, नाहीतर उलटे डाग पडतात. अर्धा तास ते असं गुलाबी दिसायचं की बघत राहावं. गुरुवारपर्यंत पुन्हा जैसे थे.

नोव्हेंबरमध्ये कंबर धरली आणि मी घासणं सोडून दिलं. तेव्हा मत बदललं. तीन आठवड्यांत पोट चॉकलेटी झालं, मग जुन्या वाड्याच्या कडीपाटासारखं गडद. आता मी बाहेरून फक्त वरचा काठ, दोन बोटं रुंद, चिंचेनं उजळते. काम पाच मिनिटांचं. गडद पोट, लखलखीत कड, मागे नेचा आणि अळूची हिरवी पानं. मागची भिंत आधी गेरूच्या रंगाची होती, त्यात तांबं हरवून जायचं. ती साधी पांढरी केली. सासूबाईंना हे मुळीच मान्य नाही. त्यांच्या मते ते कळकट भांडं आहे आणि पाहुणे आले की त्या त्याच्याकडे पाठ करून बसतात. ज्या मैत्रिणीनं लॅकर मारून घेतलं, तिच्या घंगाळाचे मात्र पापुद्रे निघतायत. तेवढ्या जागी काळं, बाकी चकचकीत, आणि वर चिंच लावता येत नाही. माझे ३०० वाचले.

मठाराबद्दल लोक विचारतात, ते ठोके नुसते दिसायला का. नाही. ठोक्यांनी पत्रा कडक होतो, दबत नाही. पण मला आवडलेली गोष्ट वेगळी. संध्याकाळी साडेपाचला ऊन तिरपं येतं, पाण्यातून आतल्या ठोक्यांवर पडतं आणि गॅलरीच्या छताला नाण्याएवढे उजेडाचे तुकडे हलायला लागतात. मशीनवर छापलेल्या खड्ड्यांत ते एकाच मापाचे, रांगेत दिसतात. मैत्रिणीकडे पाहिलंय. आमच्याकडे एक तुकडा कायम भलतीकडेच पळत असतो. तो कुठल्या ठोक्याचा हे मी बोट फिरवून शोधून काढलंय. कानाच्या खाली, डावीकडे, कारागिराचा हात जरा जास्त बसलाय तिथे.

डासांचं म्हणाल तर ही वस्तू घेण्याआधी नीट विचार करा. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. सप्टेंबरात कुणीतरी सुचवलं, गप्पी मासे सोडा, अळ्या खातात. सोडले सहा. दुसऱ्या दिवशी चार गेले, तिसऱ्या दिवशी उरलेले दोन. पाण्यात उतरणारं तांबं माशांना विष असतं, हे मला मासे मेल्यावर कळलं. फार वाईट वाटलं. तेव्हापासून रविवार कोरडा दिवस. पाणी पूर्ण ओतून द्यायचं आणि आतून काथ्यानं घासायचं. नुसतं पाणी बदलून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तग धरतात. तेव्हा बाहेरून घासणं मी सोडलं, आतून घासणं सुटलं नाही. कुठल्या दुकानात हे सांगत नाहीत.

फुलं : झेंडू तीन दिवस टिकतो, शेवंती चार, चाफा दुसऱ्या दिवशी तपकिरी. गोकर्णाची निळी फुलं तांब्यावर सगळ्यात छान दिसतात आणि सगळ्यात लवकर मिटतात. दिवाळीत पणत्या तरंगवल्या, एक बुडाली, तेलाचा तवंग काढायला दोन दिवस गेले. पुन्हा नाही.

मार्चपासून सोसायटीत टँकर सुरू झाले. त्या पाण्याची काठाला पांढरी खर बसते. लिंबाची फोड फिरवली की जाते. उन्हाळ्यात पाणीही फार उडतं, दोन दिवसांत बोटभर खाली. म्हणून मी काठोकाठ भरायला लागले, आणि बुलबुलांची जोडी यायला लागली. कडीवर बसायचं, इरकलीच्या काठात नखं रुतवायची, वाकून प्यायचं. आता पाणी रोज थोडं बदलते. आठ महिन्यांत पहिल्यांदाच सासूबाई खुर्ची फिरवून घंगाळाकडे तोंड करून बसल्या.

आणि मग कुरडया.

मंगळवारीच घंगाळ गोणपाटात बांधलं आणि बसनं कसब्यात गेले. तांबट आळी आधी ऐकू येते, मग दिसते. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. ठोके अजून पडतात, पण घरं मोजकीच उरलीत. दुकानदार म्हणाला, वापरलेल्या मालाची जबाबदारी आमची नाही. मी म्हटलं, घंगाळ काय न वापरता देवळात ठेवायचं होतं? दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, तेव्हा त्यानं मला मागच्या कारखान्यात पाठवलं.

तिथल्या कारागिरानं आधी कडीवरचा काठ कात्रीनं कापून काढला. खाली कानाभोवती हिरवी बुरशी आल्यासारखा जंगाल, म्हणजे तांब्याचा गंज, साचलेला. "ओलं कापड बांधून ठेवलंत ताई, तांबं काय करणार बिचारं." मग विचारलं, "भरलेलं घंगाळ कडीला धरून ओढता का?" दर रविवारी मोरीपर्यंत तसंच ओढत होते. चौदा-पंधरा लिटर पाणी, सगळा भार एका रिवेटवर. रिवेट ढिली झाली, आणि मी काठोकाठ भरल्यामुळे पाणी कानाच्या वर गेलं. "घंगाळ नेहमी कानाच्या खाली भरायचं. आणि भरलेलं हलवायचं नाही, तांब्यानं उपसायचं." हे घरात बसलेल्या सासूबाईंना सत्तर वर्षं माहीत असणार. विचारलं असतं तर.

त्यानं एका बाजूची रिवेट काढली, नवी ठोकली, आतून वितळलेल्या धातूचा डाख दिला, पाणी भरून पाच मिनिटं ठेवून दाखवलं. ५० रुपये, तेही चहाचे म्हणून. इथे माझा राग निम्मा उतरला. कापलेला तारा परत द्यावासा वाटला.

पण रिवेट निघाली तेव्हा कान आणि कडी माझ्या हातात सुटी आली होती. शेजारीच काटा. मी म्हटलं, जरा तोला. कानासकट २९० ग्रॅम. दोन्ही बाजूंचे ५८०. किलोमागे ३०० रुपयांचा फरक, म्हणजे १७४ रुपये. कागदावर लिहून दुकानदारापुढे ठेवलं. त्यानं कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, परत कागद वाचला. "असं आजपर्यंत कुणी केलं नाही," म्हणाला. "पुढच्या खरेदीत वळते करतो." मी बिलामागे तसं लिहून त्याची सही घेतली.

घंगाळ परत कडप्प्यावर आहे, कानाच्या दोन बोटं खाली भरलेलं. काठ नाही, त्यामुळे टणटण पुन्हा सुरू. मशीनचा बीप दोन वर्षांपूर्वीच बंद पडलाय, म्हणून सध्या तसंच ठेवलंय. आवाज थांबला की कपडे काढायला उठायचं. बुलबुल मंगळवारपासून आलेले नाहीत, नुसती कडी पायाला घसरत असेल. सासूबाईंना सहीचं बिल दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि विचारलं, "पुढची खरेदी म्हणजे आता बंब का?"