दिवाळीच्या आधी रंग लावायला "नाही" म्हणालेला पेंटर (दापोलीकडच्या घराचा अनुभव)

दापोलीपासून थोडं आत आमचं गावचं घर. चिऱ्याचं बांधकाम, बाहेरून सिमेंटचा गिलावा, वर एक मजला आणि गच्ची. आई-बाबा तिथेच असतात, मी ठाण्याला. डिसेंबर 2022 मध्ये बाहेरून पूर्ण रंग लावून घेतला, त्याला आता तीन पावसाळे होऊन गेले म्हणून आत्ता लिहितोय. रंग लावल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांचंच घर छान दिसतं, त्या रिव्ह्यूचा कोणाला काय उपयोग.

आधी 2019 ला काय झालं ते सांगतो. मे महिना अर्धा संपलेला, पाऊस तोंडावर, एका कंत्राटदाराला मटेरियलसकट काम दिलं. त्याने शेवाळावर नुसता पॉलिश पेपर फिरवला, भेगांमध्ये घरात आतून लावतात ती पुट्टी भरली आणि आठ दिवसांत मोकळा झाला. गणपतीला घरी गेलो तर पश्चिमेच्या भिंतीवर काळे ओघळ, खाली पोपडे, आई पाहुण्यांना मागच्या अंगणात नेईनाच. फोन केला तर म्हणे कोकणात असंच होतं. मला त्या वाक्याचा अजूनही राग येतो.

म्हणून 2022 ला दोन-तीन जणांना बोलावलं. ह्या पेंटरदादांनी पहिल्या भेटीत रंगाचं नावच काढलं नाही, गच्चीवर गेले, टाकीचा ओव्हरफ्लो पाइप बघितला, तो थेट भिंतीवर गळत होता. पॅरापेटला, म्हणजे गच्चीच्या कठड्याला, लांब भेग होती ती दाखवली. मग भिंतीवर चार ठिकाणी जाड प्लास्टिकचे तुकडे चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद करून लावले आणि दुसऱ्या दिवशी येतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडच्या दोन्ही तुकड्यांच्या आतून पाण्याचे थेंब. आईला म्हणाले, "काकी, भिंत अजून पाणी धरून आहे, दिवाळीच्या आधी मी हात लावणार नाही, डिसेंबरात करू." हातातलं काम पुढे ढकलणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. आई नाराज झाली, दिवाळीत घर तसंच राहिलं, पण बरं झालं ऐकलं.

मधल्या दिवसांत आम्ही पाइप बदलला आणि पॅरापेटची भेग खाचून भरून घेतली. हे करायचं नसेल तर रंगाला पैसे घालू नका, मनापासून सांगतो, आत पाणी शिरत असेल तर कितीही भारी रंग असू दे तो फुगणारच.

मोजमाप त्यांनी आमच्यासमोर टेपने घेतलं, खिडक्या-दारं वजा करून 2,400 स्क्वेअर फूट भरलं. मजुरी 14 रुपये स्क्वेअर फूट, परांचीचे 6,000 वेगळे, मटेरियल आमचं. दोन हातांना लिटरला 50 स्क्वेअर फुटाचा हिशोब धरून 20 लिटरच्या दोन बादल्या आणि एक 10 ची, प्रायमर वेगळा. सगळा रंग एकदम बनवून घ्या म्हणाले, नंतर मागवला तर शेडमध्ये उन्नीस-बीस होतं, आणि एका भिंतीला लागणाऱ्या बादल्या आधी एकत्र ढवळून घेतल्या. सील आमच्यासमोर फोडायचे, पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मापाच्या मगाने. डब्यावर पेंटरसाठी कंपनीच्या बक्षिसाच्या पॉइंटचा कोड असतो तो आपण घेणार हेही आधीच सांगितलं, मला त्यात काही गैर वाटलं नाही.

खरं काम धुण्यात होतं. तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडलं, प्रेशरच्या पाण्याने धुतलं, मग शेवाळ मारायचं औषध लावून एक दिवस ठेवलं, परत धुतलं, आणि पुढचे पाच दिवस नुसतं वाळू दिलं. पाच दिवस परांची रिकामी बघून बाबांचा जीव वरखाली होत होता 🙂 भेगा व्ही आकारात खाचून बाहेरच्या भिंतीचा फिलर भरला, प्रायमर, मग दोन हात. सकाळी दव सुकल्याशिवाय ब्रश उचलायचे नाहीत आणि ऊन तापलेल्या भिंतीवर मारायचे नाहीत, म्हणजे पूर्वेची भिंत दुपारनंतर आणि पश्चिमेची सकाळी. वरच्या मजल्यावर पोरांना बेल्ट बांधायला लावायचे, हे बघून खूप बरं वाटलं.

शेड निवडताना कार्डावर भरवसा ठेवू नका. त्यांनी पूर्व आणि पश्चिम दोन्ही भिंतींवर दोन बाय दोन फुटांचे नमुने मारले, आईला कार्डावर आवडलेला अबोली उन्हात चक्क गुलाबी दिसत होता, मग फिकट बदामी घेतला. आणि खाली दीड फूट गेरूसारखा गडद पट्टा, जुन्या घरांना असायचा तसा. पागोळ्यांमुळे लाल माती उडते ती तिथेच बसते आणि दिसत नाही. हे त्यांनी सुचवलं, सगळ्यात जास्त उपयोग ह्याचाच झाला.

आता तक्रारी. मधेच लग्नाला म्हणून दोन दिवस गायब, फोनही नाही. खिडक्यांच्या जाळ्यांवर रंगाचे थेंब पडले ते आम्हीच साफ केले. न्हाणीघराच्या मागची भिंत, जिथे कधीच ऊन येत नाही, तिथे गेल्या पावसाळ्यापासून परत काळं दिसायला लागलंय. जोत्याजवळ एका कोपऱ्यात जमिनीतून वर चढणारी ओल आहे, तिथे लोणा (पांढरा खार) येतो, पण ते रंगाने थांबणार नाही हे त्यांनी कामाच्या आधीच स्पष्ट सांगितलं होतं, त्यामुळे दोष देत नाही.

बाकी पश्चिमेची भिंत, जिच्यावर जून ते सप्टेंबर पावसाची झड सरळ आपटते, ती आजही धरून आहे. एक पोपडा नाही. आई यंदा गणपतीत पाहुण्यांना स्वतःहून मागच्या अंगणात घेऊन गेली.

पाचपैकी साडेचार. कंपाउंडची भिंत राहिलीय, तीही त्यांनाच देणार, तारीख ते सांगतील ती.