फेसबुकची नाव-पडताळणी: वाट आहे, पाटी नाही

फेसबुकच्या नियमात नावाबद्दल दोन वाक्यं लागोपाठ येतात. मित्रमंडळी रोज ज्या नावाने हाक मारतात ते लावा, हे पहिलं. ते नाव आमच्या यादीतल्या एखाद्या ओळखपत्रावर किंवा कागदावर असायला हवं, हे दुसरं. बहुतेकांना यात काही खटकत नाही. पण गुरूने दिलेलं नाव लावणारी तृतीयपंथी व्यक्ती, आधारवर अजून जुनंच नाव असलेला ट्रान्स मुलगा, जात कळू नये म्हणून आडनाव टाकलेला माणूस किंवा मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लपून राहणारी बाई, यांच्या बाबतीत दुसरं वाक्य पहिल्यावर बोळा फिरवतं. म्हणून या सेवेला पाचपैकी दोन तारे. तेही एका दडलेल्या सोयीमुळे.

खातं अनेकदा अडकतं ते कुणीतरी तक्रार ठोकल्यामुळे. सप्टेंबर २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या ड्रॅग कलाकारांची, म्हणजे बहुधा स्त्रीवेशात आणि रंगमंचावरच्या नावाने वावरणाऱ्या कलाकारांची, खाती अशीच धडाधड बंद झाली. 'सिस्टर रोमा' हे त्यातलं गाजलेलं नाव. १ ऑक्टोबरला कंपनीचे वरिष्ठ अधिकारी ख्रिस कॉक्स यांनी माफी मागितली आणि सांगितलं की शेकडो खात्यांची तक्रार एकाच माणसाने केली होती. डिसेंबर २०१५ मध्ये, आधी अमेरिकेत, बदल आले: तक्रारदाराला जास्त माहिती द्यावी लागेल आणि खातेदाराला आपली विशेष परिस्थिती मांडता येईल. सुधारणा खरी, पण खार खाऊन बसलेल्या नातेवाइकाच्या हातातलं हत्यार काही गेलेलं नाही.

खातं अडकलं की कागद मागतात. पहिला मार्ग: सरकारी ओळखपत्र, ज्यावर नाव आणि सोबत फोटो किंवा जन्मतारीख आहे. दुसरा: दोन वेगवेगळे बिगरसरकारी कागद, दोन्हींवर तेच नाव आणि किमान एकावर फोटो किंवा जन्मतारीख. कॉलेजचं ओळखपत्र, वाचनालयाचं कार्ड, विजेचं बिल, दवाखान्याचे कागद, मासिकाच्या वर्गणीची पावती, नावावर आलेलं टपाल, सगळं यादीत बसतं.

तिसऱ्या मार्गाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि आपल्या कामाचा तोच. निवडलेल्या नावाचे दोन बिगरसरकारी कागद द्यायचे. यांच्यावर फोटो किंवा तारीख नसली तरी चालते. सोबत एक सरकारी ओळखपत्र, ज्यावरचा फोटो किंवा जन्मतारीख प्रोफाइलशी जुळते. त्यावरचं जुनं नाव खात्यावर चढवलं जात नाही. मदतपानांच्या तळाशी असलेली ही सोय पहिल्याच पडद्यावर दिसली असती, तर आणखी एक तारा दिला असता.

हा मार्ग फसतो तो जन्मतारखेवर. आधारवरचा फोटो जुना, आता चेहरा वेगळा, म्हणजे भिस्त तारखेवरच. आणि सावधगिरी म्हणून अनेकांनी प्रोफाइलवर खोटी तारीख टाकलेली असते. खातं अडकल्यावर ती बदलत बसण्यापेक्षा आजच खरी तारीख घाला आणि ती 'फक्त मी' या पर्यायावर ठेवा, म्हणजे इतरांना दिसणार नाही. दोन कागदांवरचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर सारखं हवं. आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार उतरवून घ्या. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. पाठवलेल्या प्रती वर्षभरापर्यंत ठेवल्या जाऊ शकतात. ओळख-पडताळणीच्या सेटिंगमध्ये ही मुदत ३० दिवसांवर आणता येते. तिथे जाऊन ते कराच.

नाव बदलताना घाई नको, कारण पुढचे ६० दिवस पुन्हा बदलता येत नाही. देवनागरी आणि रोमन अक्षरांची सरमिसळ, आकडे, चिन्हं, पदव्या चालत नाहीत. नाव बदललं तरी प्रोफाइलच्या लिंकमधलं युजरनेम जुनंच राहतं. ते वेगळं बदलावं लागतं. इतरांनी टॅग न करता नुसतं टाइप केलेलं जुनं नाव तर ज्याचं त्याने पुसल्याशिवाय जात नाही.

कायमचा उपाय म्हणजे कागदच बदलणे, असा सल्ला सर्रास मिळतो. महाराष्ट्रात त्यासाठी सहसा राजपत्रात जाहिरात द्यावी लागते, आणि तिथे जुनं नाव व नवं नाव शेजारीशेजारी छापून येतं, इंटरनेटवर कुणालाही पाहता येईल असं. तृतीयपंथी व्यक्तीला कदाचित ते चालेल. लपून राहणाऱ्या बाईने मात्र दहादा विचार करावा.

कागदाचा हट्ट अटळ आहे असंही नाही. गूगल प्लस या गूगलच्या, आता बंद पडलेल्या समाजमाध्यमाने २०११ मध्ये तोच धरला आणि जुलै २०१४ मध्ये सोडला. उलट डिसेंबर २०१७ मध्ये फेसबुकने भारतात नवं खातं उघडताना 'आधारवरचं नाव' लिहा असं सुचवून पाहिलं. ओरड झाल्यावर तो प्रयोग संपला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये जुन्या खातेदारांना टोपणनाव वापरू द्या असं सांगितलं. त्याच कंपनीचं इन्स्टाग्राम तर खऱ्या नावाचा आग्रहच धरत नाही.

मग फेसबुकवर राहायचंच कशाला? कारण एकमेकांना धीर देणारे मदतगट, भाड्याच्या खोल्यांचे गट, नोकरीच्या खबरा अजून तिथेच आहेत. राहायचं असेल तर दोन कागद आधीच तयार ठेवा, खात्याची माहिती अधूनमधून उतरवून घ्या आणि असा गट चालवत असाल तर दुसरा अ‍ॅडमिन नेमा, तोही असा की ज्याचं प्रोफाइलवरचं आणि आधारवरचं नाव एकच आहे.