ओबीडी स्कॅनर आणि अण्णांची वही: आठ महिने वापरल्यानंतर

दिवाळीत गाडीला लावायचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावायची छोटी डबी, इंजिनचे आकडे फोनवर दाखवते) घेतला, त्याला आता आठ महिने होतील, गाडी तेवढ्यात साडेनऊ हजार किलोमीटर फिरली, म्हणून आता लिहायला हरकत नाही. घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलं असतं तर वेगळंच लिहिलं असतं, कारण तेव्हा मला वाटत होतं की हे ॲव्हरेज बघायचं यंत्र आहे.

आमची गाडी 2017 ची सात सीटर डिझेल, बीएस4 (बीएस6 च्या आधीच्या प्रदूषण नियमांची), सव्वा लाखाच्या आसपास रनिंग. राहायला सांगलीला, माझं माहेर रत्नागिरी, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा ही फेरी ठरलेली. गाडीत सासूबाई, दोन मुलं आणि सामान. घाटात गाडी बंद पडली तर काय, हा विचार मी करते, घरात बाकी कोणी करत नाही.

आणि सासरे, म्हणजे अण्णा, त्यांची वही. ग्लोव्ह बॉक्समध्ये कायम असते. तारीख, किलोमीटर, लिटर, पैसे, बास चार रकाने. गाडी घेतल्यापासून एकही टाकी सुटलेली नाही, आणि आधीच्या गाड्यांच्या वह्याही कपाटात आहेत. पद्धत एकच: टाकी फुल, नोझल पहिल्यांदा ऑटो कट झालं की थांबायचं, वरून थेंबही घालायचा नाही, शक्यतो तोच पंप, पुढच्या वेळी पुन्हा तसंच फुल करायचं आणि मधले किलोमीटर भागिले जेवढं डिझेल बसलं तेवढे लिटर. माझा नवरा म्हणायचा, अण्णा, डॅशबोर्डवरच ॲव्हरेज दिसतं की. अण्णा म्हणायचे दिसू दे.

तर गणपतीनंतर वहीत आकडा उतरायला लागला. आधी 648 किलोमीटरला 45 लिटर, म्हणजे 14.4, हे आमचं वर्षानुवर्षांचं. मग 13.1. मग 612 ला 49.8 लिटर, म्हणजे 12.3. डॅशबोर्ड तेव्हाही साडेतेरा दाखवत होता. टायरची हवा बघितली, एअर फिल्टर काढून बघितला, ब्रेक धरतायत का म्हणून हायवे उतरल्यावर चारही रिमना हात लावून बघितला, सगळं ठीक. एका गॅरेजमध्ये दाखवलं तर गाडी चालवूनही न बघता इंजेक्टर गेलेत म्हणाले, काढून साफ करायचे अठरा हजार. काळा धूर नाही, पिकअप आहे तसा, सकाळी अर्ध्या सेल्फला स्टार्ट होते, मग इंजेक्टर कसे गेले हे मला पटेना, पण नाही म्हणायला हातात काहीच नव्हतं, आणि याच गोष्टीचा मला जास्त त्रास झाला. म्हणून स्कॅनर मागवला.

पहिला साडेतीनशेवाला घेतला, तो फुकट गेला. दर दहा मिनिटांनी कनेक्शन तुटायचं. मग बाराशेचा घेतला, तो आजतागायत चालतोय. अशा स्वस्त स्कॅनरांत बहुतेक वेळा ईएलएम327 नावाच्या चिपची नक्कल असते, मूळ चिप कॅनडातल्या कंपनीची होती, आणि स्वस्तातल्या बऱ्याच नकलांत अर्ध्या कमांडच नसतात, त्यामुळे डबीवर काय व्हर्जन छापलंय यावर जाऊ नका. आयफोन असेल तर ब्लूटूथ एलई किंवा वायफायवालाच घ्या, साधा ब्लूटूथवाला जोडला जात नाही. आपल्याकडे बीएस4 गाड्यांना 2013 पासून ओबीडी-2 सक्तीचं झालं, म्हणजे त्यानंतरची बीएस4 किंवा बीएस6 गाडी असेल तर स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट सापडतंच. ॲप टॉर्क घ्या नाहीतर कार स्कॅनर, दोन्ही वापरून बघितली, मला दुसरं बरं वाटलं.

आता ॲव्हरेजचं आधी सांगते कारण बहुतेक लोक त्यासाठीच घेतात. डिझेल गाडीत ॲपचं ॲव्हरेज धरून चालू नका. माझ्या गाडीत ते आठ-नऊ दाखवायचं, वहीत चौदा असतानाही. कारण असं की बऱ्याच गाड्या किती डिझेल जातंय तो आकडा सरळ देत नाहीत, मग ॲप इंजिनात गेलेली हवा मोजतं आणि एक ग्रॅम इंधनाला 14.7 ग्रॅम हवा या हिशोबाने इंधन काढतं. पेट्रोल इंजिन त्याच प्रमाणात चालतं म्हणून पेट्रोलला ते बऱ्यापैकी जुळतं. डिझेल इंजिन कायम जास्त हवा ओढतं, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) तर कितीतरी पट, त्यामुळे हिशोबच चुकतो. ॲपमध्ये करेक्शनचा आकडा टाकता येतो, मी दोन महिने ते करून बघितलं, हायवेला जुळवलं की गावात बिघडतं. सोडून दिलं. ॲव्हरेजला वहीच.

पण गाडीची तब्येत बघायला हे यंत्र म्हणजे, खरं सांगते, डॉक्टरकडचा स्टेथोस्कोप आहे. नोव्हेंबरात रत्नागिरीला जाताना पहिल्यांदा लावून नेलं. गाडी नवरा चालवत होता, फोन माझ्या हातात. (चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघू नका, रेकॉर्डिंग लावा आणि थांबल्यावर बघा.) डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा मधोमध, नेहमीसारखा. आणि फोनवर कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) 68 अंश. मला वाटलं अजून गरम व्हायचीय. जयसिंगपूर गेलं, हातकणंगले गेलं, कोल्हापूर गेलं, 67, 70, 66. तासभर गाडी चालून इंजिन सत्तरवर. मलकापूरच्या पुढे चढाला 84 पर्यंत गेलं, मला हायसं वाटलं, आणि आंबा घाट उतरायला लागलो तसं पुन्हा खाली, 75, 70, साखरप्याला पोचेपर्यंत 63. काटा तिथेच, मधोमध. नंतर कळलं की बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, तापमान बरंच खाली-वर झालं तरी एकाच जागी, म्हणजे लोक उगीच घाबरत नाहीत.

थर्मोस्टॅट ठीक असेल तर तो साधारण 82 ते 88 च्या आसपास उघडतो, तोपर्यंत रेडिएटरकडे पाणी जाऊ देत नाही, आणि इंजिन एकदा गरम झालं की थोडंफार इकडेतिकडे तिथेच राहतं. माझ्या गाडीत तापमान चढ-उताराबरोबर हलत होतं, म्हणजे कुलंट कायम रेडिएटरमधून फिरतंय, थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. इंजिन थंड म्हणजे ऑइल जाड, घर्षण जास्त, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजिन अजून गरम व्हायचंय असंच समजून डिझेल जास्त सोडतो. वहीतले गेलेले दोन किलोमीटर इथे जात होते. चेक इंजिन लाईट मात्र एकदाही लागला नाही.

पण सेन्सरच खोटं बोलत असेल तर? त्यासाठी एक सोपी गोष्ट, ही लक्षात ठेवा. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी स्टार्ट न करता नुसती इग्निशन ऑन करा आणि कुलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी बघा. दोन्ही जवळपास सारखी हवीत, कारण रात्रभर उभ्या गाडीत सगळंच बाहेरच्या हवेएवढं होतं. माझ्याकडे 22 आणि 23 आलं. म्हणजे सेन्सर बरोबर.

सांगलीतच एक वयस्कर मिस्त्री आहेत, छोटं गॅरेज, त्यांच्याकडे गेले. मोबाईल दाखवला तर त्यांनी बघितला, पण लगेच मान्य नाही केलं, ही गोष्ट मला फार आवडली. म्हणाले, ताई, गाडी थंड होऊ द्या, चहा घ्या. दोन तासांनी बॉनेट उघडून गाडी स्टार्ट केली आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या जाड होजवर पंजा ठेवून उभे राहिले. मलाही हात ठेवायला सांगितला. थर्मोस्टॅट चांगला असेल तर होज बराच वेळ थंड राहतो आणि मग एकदम गरम होतो. आमचा पहिल्या दोन-तीन मिनिटांतच कोमट व्हायला लागला, हळूहळू, अंघोळीचं पाणी तापावं तसा. म्हणाले, अडकलाय. काढून माझ्या हातात दिला, तांब्याच्या रंगाची चकती, स्प्रिंग, आणि थंड असूनसुद्धा व्हॉल्व्हच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरची फट, नख आत जात होतं. त्या फटीतून तीन महिने आमचं डिझेल गेलं.

नवा थर्मोस्टॅट, कुलंट, मजुरी सगळं मिळून तीन हजार चारशे. पुढच्या फेरीला तापमान 86 ते 90 च्या मध्ये, घाटात चढताना 93, उतरताना 85. वहीत 655 किलोमीटरला 46.1 लिटर, 14.2. अण्णांनी त्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारलीय. इंजेक्टरला हातही लावलेला नाही.

त्यानंतर मी एक गोष्ट केली, ती सगळ्यांनी करावी असं मला मनापासून वाटतं. गाडी चांगली चालत असताना तिचे नॉर्मल आकडे लिहून ठेवले, अण्णांच्याच वहीच्या शेवटच्या पानावर. गरम इंजिन, एसी बंद, आयडल 800 आरपीएम. चालू गाडीत व्होल्टेज 14.1 ते 14.3, रात्रभर उभी राहिल्यावर 12.5 च्या वर. पूर्ण जोर लावला की टर्बोचा दाब 230 किलोपास्कलपर्यंत. हवेचा दाब सांगलीत 95 किलोपास्कल आणि रत्नागिरीत समुद्रावर 101, हे बघून मुलाला इतका आनंद झाला की तो आता प्रत्येक गावात विचारतो. आजारी माणसाचा ताप कळायला बरं असतानाचं अंग माहीत लागतं, तसंच आहे हे. दुसऱ्याच्या गाडीचे आकडे आपल्याला लागू होतीलच असं नाही.

घाटाचं अजून एक. नवऱ्याला उतारावर गाडी न्यूट्रल करायची सवय, डिझेल वाचतं म्हणून. किती वाद झाले त्यावरून. आंबा घाटात एकदा दोन्ही करून दाखवलं, म्हणजे न्यूट्रलचं अगदी खालच्या सरळ रिकाम्या तुकड्यावर. तिसऱ्या गिअरमध्ये पाय काढून उतरताना इंजिन लोड (इंजिन किती जोर लावतंय तो आकडा) शून्य, कारण चाकंच इंजिन फिरवतायत आणि ईसीयू डिझेल तोडतो. न्यूट्रल केल्यावर लोड वीस टक्क्यांच्या वर, कारण आता इंजिनला स्वतःच्या जिवावर चालू राहायचंय, त्याला डिझेल लागणारच. शिवाय इंजिन ब्रेकिंग नाही, ब्रेक तापतात. त्यानंतर त्याने न्यूट्रल बंद केलं. मला विचाराल तर बाराशे रुपये इथेच वसूल झाले.

आता वाईट बाजू. मे महिन्यात आम्ही अकरा दिवस बाहेर होतो, गाडी पार्किंगला, स्कॅनर सॉकेटमध्येच. परत आलो तर सेल्फ मारेना, बॅटरी 11.8 व्होल्ट. त्या सॉकेटला बॅटरीचा करंट कायम चालू असतो, चावी काढली तरी. मिस्त्रींनी मीटर लावला तर हे एवढंसं यंत्र 45 मिलिअँपिअर खात होतं, म्हणजे दिवसाला एक अँपिअर-अवरच्या वर, अकरा दिवसांत बारा. बॅटरी चार वर्षांची जुनी, तिला तेवढं पुरे झालं. त्यामुळे काम झालं की काढून ठेवा किंवा चालू-बंद बटणवाला घ्या.

दुसरं, एरर कोड दिसला की लगेच क्लिअर करू नका. मार्चमध्ये माझ्याकडे पी0401 आला होता, ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा भाग). कोडबरोबर त्या क्षणाची नोंद साठवलेली असते, स्पीड किती, तापमान किती, लोड किती, कोड पुसला की तीही जाते आणि मिस्त्रीकडे जाऊन सांगण्यासारखं काही उरत नाही. मी स्क्रीनशॉट काढून नेला, ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने भरला होता, साफ केला, परत आला नाही. आणि कोड म्हणजे निकाल नव्हे, ईजीआरचा कोड आला म्हणून नवा ईजीआर घ्यायचा असं नाही.

पेट्रोलवाल्यांनी फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय) बघा, तो आकडा अधिक-उणे दहाच्या आत हवा. माझ्या भावाच्या गाडीत अधिक 17 होता, हवेच्या होजला चीर निघाली. बीएस6 डिझेलवाल्यांना डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी किती भरलीय ते काही ॲपमध्ये दिसतं, नुसतं गावात फिरणाऱ्यांनी तर जरूर बघा, आणि मध्ये मध्ये हायवेला वीसेक मिनिटं सलग चालवा. रिजनरेशन (ती काजळी जाळून टाकणं) चालू असताना ॲव्हरेज पडतं, तेव्हा घाबरू नका.

आणि यंत्राला न दिसणारंही बरंच आहे. ऑइल किती आहे हे माझ्या गाडीत तरी स्कॅनरवर दिसत नाही, त्याला काडीच काढून बघावी लागते. कुलंट गळतंय का, पट्टा चिरलाय का, हे बॉनेट उघडल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे रविवारी सकाळी मुलगा काडी पुसून परत घालतो, अण्णांना दाखवतो, मी फोनवर दोन तापमानं बघते, पाच मिनिटांचं काम. कालच्या फेरीत 14.3 आलं, वही भरत आलीय, अण्णांनी नवी आणायला सांगितलीय, या वेळी पाच रकान्यांची, पाचवा कुलंटचा.