साधी डुबेल की वनस्पती घातलेली काळी एल?

मित्राचा मेहुणा ब्रसेल्सहून सोलापूरला येतोय. बॅगेत जागा एकाच बिअरच्या बाटलीची: डुबेल, म्हणजे बेल्जियमची गडद, गोडसर बिअर, की वनस्पती घातलेली काळी एल (एल हाही बिअरचाच प्रकार), हे मित्राचं काही ठरेना. मी दोन्ही चाखल्यात, म्हणून सांगतो.

खरा फरक चवीत आहे. वेस्टमाल डुबेलसारख्या बिअरमध्ये मनुका, पिकलेलं केळं, लवंग असं सगळं जाणवतं, पण मसाला काहीच घातलेला नसतो. ती करामत यीस्टची. गडद रंगात मोठा वाटा भाजक्या साखरेच्या पाकाचा. वनस्पतीवाल्या एलमध्ये मात्र धणे, संत्र्याची साल, कधी यॅरोसारख्या कडवट रानवनस्पती खरोखर उकळलेल्या असतात. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) रुळण्याआधी युरोपात ‘ग्रुट’ नावाचं असंच मिश्रण वापरत. पहिला घोट काढ्यासारखा लागतो. ग्लास जरा कोमट झाला की सुगंध उलगडतो आणि मग सोडवत नाही.

जेवणासोबत? शेंगा चटणी आणि कडक भाकरीला डुबेलचा गोडवा सुंदर सांभाळतो. काळ्या मटणापुढे वनस्पतींची चव मसाल्याशी भांडते, मला ते अजिबात आवडलं नाही.

जोर दोन्हींचा चांगलाच. वेस्टमाल डुबेलमध्ये 7 टक्के अल्कोहोल, दुसरीचा आकडा लेबलवर बघा.

साठवणीत आपला उन्हाळा दोघींचा वैरी. बाटली उभी, अंधारात, थंड जागी ठेवा. वनस्पतींचा सुगंध लवकर उडतो, ती लगेच उघडा. डुबेल काही महिने थांबते.

चार जणांत जेवताना प्यायची तर डुबेल मागव. हिवाळ्याच्या रात्री एकट्यानं, सावकाश, नवं काही चाखायचं असेल तर वनस्पतीवाली.