नेव्हर मॅप : दक्षिण कोरियात वाट दाखवणारं ॲप आणि त्यामागचा नकाशाचा कायदा

सोलमध्ये गूगल मॅप्स उघडलं तर नकाशा दिसतो, दुकानांची नावं दिसतात, मेट्रो-बसचा मार्गही मिळतो. पण स्टेशनातून बाहेर पडून हॉटेलपर्यंत चालत कसं जायचं हे विचारलं की ॲप हात वर करतं. गाडीचा मार्ग नाही, ऑफलाइन नकाशाही उतरवून घेता येत नाही. ही स्थिती २०२५ पर्यंतची. रांजणगावच्या एलजीतून किंवा तळेगावच्या ह्युंदाईतून कामासाठी जाणारे असोत की सहलीला जाणारे, नेव्हर या कोरियन कंपनीचं नेव्हर मॅप हे नकाशाचं ॲप भारतातूनच फोनमध्ये घेऊन निघावं.

भाषा सेटिंग्जमध्ये इंग्रजी करून घ्या. नकाशा पाहायला आणि मार्ग काढायला खातं लागत नाही, ठिकाणं जतन करायला लागतं. ते घरीच उघडा, कारण पडताळणीचा संदेश तुमच्या भारतीय नंबरवर येणार आणि तिथे ते सिमकार्ड चालू असेलच असं नाही.

मेट्रोसाठी हे ॲप उत्कृष्ट आहे. नुसतं स्टेशन न सांगता ते कितव्या नंबरच्या दारातून बाहेर पडायचं तेही सांगतं. सोलमध्ये हे फार महत्त्वाचं. गंगनाम स्टेशनाला बारा दारं आहेत आणि चुकीच्या दारातून वर आलात तर आठ-दहा पदरी रस्त्याच्या पलीकडे उभे राहता. गाडी बदलायची असेल तर ‘७-३’ असा आकडा दिसतो, म्हणजे सातवा डबा, तिसरा दरवाजा. फलाटावरच्या काचेच्या दारांवरही हेच आकडे असतात. तिथे उभं राहिलं की उतरल्यावर जिना समोरच. बस किती मिनिटांत येणार याचा अंदाजही बहुतेक वेळा खरा ठरतो. टी-मनी हे बस-मेट्रोच्या भाड्याचं कार्ड मात्र बसमधून उतरतानाही टेकवायचं. नाहीतर तीस मिनिटांच्या आतल्या पुढच्या प्रवासाची सवलत बुडते, आणि हे ॲप सांगत नाही.

चालण्याच्या मार्गात जिने टाळण्याचा पर्याय आहे. सामान ओढत जाणाऱ्यांनी आणि ज्येष्ठांना सोबत घेतलेल्यांनी तो आधी निवडावा, कारण सोल चढउतारांचं शहर आहे.

शोध ही या ॲपची सगळ्यात दुबळी बाजू. कोरियन नाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिलं जातं आणि ॲपला त्यातलं एखादंच ओळखता येतं. म्हणून हॉटेलच्या बुकिंगमधला कोरियन लिपीतला पत्ता जसाच्या तसा उचलून शोधाच्या चौकटीत टाका. तो नसेल तर त्या जागेचा फोन नंबर टाका, बहुतेकदा नेमकी जागा सापडते. पत्त्यात रस्त्याचं नाव आणि इमारतीचा क्रमांक असतो. रस्त्याच्या डाव्या बाजूला विषम आकडे, उजव्या बाजूला सम. शाकाहारी खाणावळ शोधणाऱ्यांची निराशा होईल, कारण खाणाऱ्यांचे अभिप्राय जवळजवळ सगळे कोरियनमध्ये असतात. ते उचलून पापागो या अनुवादाच्या ॲपमध्ये टाकून वाचता येतात. दुपारी साधारण तीन ते पाच अनेक खाणावळी बंद असतात, ती वेळ मात्र नेव्हर दाखवतं.

हे सगळं गूगलला का जमलं नाही? कोरियात १:५,००० प्रमाणाचा, म्हणजे नकाशावरच्या एका सेंटिमीटरला जमिनीवरचे ५० मीटर दाखवणारा, नकाशा सरकारच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. गूगलने २००७ मध्ये तो मागितला, २०१६ मध्ये पुन्हा मागितला. दोन्हीदा नकार मिळाला. २०२५ च्या फेब्रुवारीत तिसरा अर्ज झाला आणि निर्णय तारखेमागून तारखेला पुढे गेला. सरकारचं म्हणणं असं : उत्तर कोरियाशी १९५३ चा युद्धविराम आहे, शांतता करार नाही. लष्करी तळ उपग्रहचित्रांत झाकावेत किंवा माहिती कोरियातल्याच सर्व्हरवर ठेवावी. २०१६ मध्ये गूगलने चित्रं झाकायला नकार दिला आणि बोलणं तिथेच थांबलं.

सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही, पण अपुरा आहे. तशी उपग्रहचित्रं परदेशी कंपन्यांकडून कोणालाही विकत मिळतात. सर्व्हर देशात असला की करही देशात लावता येतो, आणि नेव्हर, काकाओ, टीमॅप या देशी कंपन्यांना घरचा बाजार मोकळा राहतो. ही दोन कारणं सुरक्षेइतकीच वजनदार आहेत आणि ती उघडपणे मांडायला हवीत. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधीचं कार्यालय या बंदीला व्यापारातला अडसर म्हणत आलं, ते यामुळेच.

आपल्याकडचा मार्ग वेगळा आहे. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनुसार एक मीटरपेक्षा बारीक अचूकतेचे नकाशे भारतीय कंपन्यांनीच तयार करायचे, परदेशी कंपनीने ते परवान्याने वापरायचे. म्हणून २०२२ मध्ये पुणे, नाशिक, अहमदनगरसह दहा शहरांत गूगलचं स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे रस्त्यावरची प्रत्यक्ष दृश्यं दाखवणारी सोय, आलं तेव्हा चित्रं जेनेसिस आणि टेक महिंद्रा या भारतीय कंपन्यांनी टिपलेली होती. प्रवाशाला सोय मिळाली, माहितीची मालकी इथेच राहिली. कोरियाच्या सरसकट नकारापेक्षा हा तोडगा बरा.

माहिती देशात ठेवली म्हणजे सेवा भरवशाची झाली असंही नाही. १५ ऑक्टोबर २०२२ ला सोलजवळच्या पांग्योमधल्या एका डेटा सेंटरला आग लागली आणि काकाओच्या चॅटपासून टॅक्सीपर्यंतच्या सेवा कोलमडल्या, पूर्ववत व्हायला काही दिवस गेले. त्यामुळे नेव्हरच्या जोडीला काकाओमॅपही फोनमध्ये असू द्या. टॅक्सीसाठी काकाओचंच के-राइड घ्या, ते परदेशी प्रवाशांसाठी बनवलेलं आहे आणि परदेशी कार्ड घेतं. दोन्ही नकाशांना चालू इंटरनेट लागतं, तेव्हा ई-सिम विमानतळावर उतरण्याआधीच घालून ठेवा आणि हॉटेलच्या कोरियन पत्त्याचा स्क्रीनशॉट फोनमध्ये असू द्या. बॅटरी वाचवायची असेल तर तोच पत्ता कागदावर छापून घ्या, टॅक्सीवाल्याला दाखवायला पुरतो.